महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल, समाजमाध्यमे आणि खेळाडूच्या नावाचे मोल

महाविद्यालयाच्या संघातून बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थिनीला इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर लाखो फॉलोअर मिळावेत आणि त्या बळावर एखाद्या कंपनीने तिच्याशी जाहिरातीचा करार करावा, ही गोष्ट अमेरिकेत २०२१ पासून इतकी रुळली आहे की तिच्यामागे केवढा दीर्घ इतिहास आहे याचा सहसा विसर पडतो. महाराष्ट्रातही खेळाडू मुलींच्या सरावाच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या जातात, आणि शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूरसारख्या बाजारपेठेच्या गावी शिकणाऱ्या मुलीलाही आपले असे नाव व्हावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु हे नाव मोबाइलमुळे निर्माण होते, हा समज अपुरा आहे. मोबाइल फक्त ते गोळा करतो; ते निर्माण होते मैदानावर, आणि तेही मैदानाकडे पाहणारे डोळे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले असतील तरच.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाच्या हातून झाला, आणि पुढच्या दीड वर्षाच्या आत तो मुलींच्या महाविद्यालयात पोहोचला. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी मार्च १८९३ मध्ये आपल्या विद्यार्थिनींचा जो सामना घडवला, त्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. स्त्रियांच्या शरीराला अति श्रम झेपत नाहीत या तत्कालीन समजुतीमुळे बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग केले, खेळाडूने आपला भाग ओलांडू नये, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावू नये, असे नियम घातले. आज हे नियम जाचक वाटतात. तथापि मुलींना खेळू द्यायचे की नाही हाच जेव्हा वाद होता, तेव्हा या बंधनांच्या आडोशानेच खेळ टिकला, ही बाजूही नाकारता येत नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय आयोवा या शेतीप्रधान राज्यात घडला. तेथील मुलींच्या शालेय बास्केटबॉलची राज्य स्पर्धा १९२० मध्ये सुरू झाली, आणि काही वर्षांतच मोठ्या शाळांनी व क्रीडा संघटनेने मुलींच्या सार्वजनिक स्पर्धा बंद करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा खेड्यांतील लहान शाळांनी स्वतंत्र संघटना काढून त्या चालू ठेवल्या. प्रत्येक संघात सहा खेळाडू, त्यांपैकी तिघी आक्रमण करणाऱ्या आणि तिघी बचाव करणाऱ्या, दोन्ही गटांना मधली रेषा ओलांडण्याची मनाई आणि चेंडू हातात आल्यावर फक्त दोनदा टप्पा मारण्याची मुभा, असा हा 'सहा विरुद्ध सहा' प्रकार आयोवात थेट १९९३ पर्यंत खेळला गेला. मक्याच्या शेतांमधल्या शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावांतून मुलींच्या संघामागे सारा गाव लोटत असे, आणि १९५० च्या दशकापासून राज्य स्पर्धा दूरचित्रवाणीवरही दिसू लागली. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेच्या डेनिस लाँगने ६४ आणि एव्हर्लीच्या जीनेट ओल्सनने ७६ गुण केले. सामना जादा वेळेत गेला आणि लाँगचा संघ ११३-१०७ असा जिंकला. या मुलींना त्या काळी फॉलोअर असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्यांना प्रेक्षक होते, आणि कोणत्या मुलीचा हात कसा चालतो हे शेतकऱ्यांच्या घरात जेवणाच्या वेळी बोलले जात होते. पुढे आयोवाच्याच विद्यापीठातून खेळलेल्या केटलिन क्लार्कला जी अफाट लोकप्रियता मिळाली, तिची पाळेमुळे या गावांत आहेत.

देशपातळीवर चित्र बदलले ते १९७२ च्या कायद्याने. 'टायटल नाइन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीनुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येत नाही, आणि तिचा अर्थ खेळाच्या सोयींनाही लागू झाल्यामुळे विद्यापीठांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. शिष्यवृत्ती मिळाली तरी कमाईला मात्र बंदी होती. तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या 'एनसीएए' या संस्थेचे धोरण असे होते की विद्यार्थी-खेळाडू हौशी असला पाहिजे आणि हौशी म्हणजे स्वतःच्या नावाचा किंवा चेहऱ्याचा व्यापारी वापर न करणारा. विद्यापीठाने मात्र त्याच्या क्रमांकाची जर्सी विकली तरी चालत असे. या विसंगतीला २००९ मध्ये एड ओबॅनन या माजी खेळाडूने न्यायालयात आव्हान दिले, कारण एका व्हिडिओ गेममध्ये त्याची प्रतिमा त्याला न विचारता वापरली गेली होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना असा मोबदला घेऊ देणारा कायदा केला, इतर राज्ये त्यामागोमाग सरसावली, आणि २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ऑल्स्टन' खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला. तो खटला थेट जाहिरातींविषयी नसून शिक्षणाशी संबंधित लाभांविषयी होता, पण हौशीपणाच्या नावाखाली काहीही रोखता येते हा संस्थेचा आधार त्याने डळमळीत केला. परिणामी १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपले नाव, प्रतिमा आणि ओळख यांतून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. या हक्काला तिकडे त्या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एनआयएल' म्हणतात.

त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील फलकावर झळकलेले चेहरे दोन महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंचे होते. फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाच्या हेली आणि हॅना कॅव्हिंडर या जुळ्या बहिणींनी टाळेबंदीच्या काळात टिकटॉकवर चेंडूच्या तालावर बसवलेल्या छोट्या चित्रफितींनी लाखो फॉलोअर मिळवले होते, आणि एका मोबाइल सेवा कंपनीने बंदी उठताच त्यांच्याशी करार केला. त्यांच्या यशाकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आहेत. एका मते या मुलींनी विद्यापीठाच्या किंवा वाहिनीच्या मेहेरबानीवर न राहता स्वतःचा प्रेक्षक स्वतः उभा केला. दुसऱ्या मते बाजार येथे खेळापेक्षा रूपाला भाव देतो, आणि गोऱ्या, प्रचलित अर्थाने देखण्या मुलींच्या वाट्याला जे करार येतात ते त्यांच्याहून सरस खेळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींना मिळत नाहीत. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे; मात्र हेली कॅव्हिंडर २०२१ मध्ये आपल्या साखळी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली होती, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. रूपाने लक्ष वेधले असेल, पण दाखवण्यासारखा खेळ हाताशी होता.

क्लार्कच्या बाबतीत तर खेळ आणि चित्रफीत यांचे नाते प्रत्यक्ष मोजता येते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध ती उतरली तेव्हा केल्सी प्लमचा महाविद्यालयीन कारकिर्दीतील ३,५२७ गुणांचा विक्रम मोडण्यासाठी तिला आठ गुण हवे होते. सामन्याची सव्वादोन मिनिटेही उलटली नव्हती, तेव्हा ती चेंडूचे टप्पे मारीत धावत डाव्या बाजूने पुढे आली, मैदानावरील बोधचिन्हाजवळ थबकली आणि रिंगपासून दहा मीटरांहून अधिक अंतरावरून तिने चेंडू फेकला. तीन गुणांची रेषा रिंगपासून पावणेसात मीटरांवर असते, म्हणजे ती या रेषेच्याही तीन मीटर मागे होती. जगभर फिरलेली चित्रफीत एवढीच, काही सेकंदांची. तिच्यात चेंडू आणि जाळी दिसते. पण इतक्या दुरून फेकणाऱ्या खेळाडूला थोपवण्यासाठी बचावाला पुढे यावे लागते, त्यामुळे रिंगखाली जागा मोकळी होते आणि तेथे उभ्या सहकारी खेळाडूला सोपा पास मिळतो, ही या फेकीची खरी किंमत पूर्ण सामना पाहणाऱ्यालाच कळते. क्लार्कने त्या दिवशी ४९ गुण केले. तिच्याकडे इतके लोक वळले याचे कारण असे की तिचे सामने आरंभापासून अखेरपर्यंत दिसत होते. त्याआधी १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवाच्या फुटबॉल स्टेडियमवर झालेल्या एका प्रदर्शनीय सामन्याला ५५,६४६ प्रेक्षक हजर होते, आणि एप्रिल २०२४ च्या महिलांच्या महाविद्यालयीन अंतिम सामन्याचा दूरचित्रवाणी प्रेक्षकवर्ग, सुमारे १ कोटी ८९ लाख, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक होता. आयोवाचा संघ तो सामना साउथ कॅरोलायनाकडून ८७-७५ असा हरला.

जे दिसत नाही त्याची नोंदही पुसट होते, याचे उदाहरण याच विक्रमाच्या पोटात आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने १९७७ ते १९८१ या काळात ३,६४९ गुण केले होते, आणि तेही तीन गुणांची रेषा अस्तित्वात नसताना. परंतु त्या वेळी महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धा एका वेगळ्या संघटनेकडे होत्या, एनसीएएने त्या नंतर आपल्या ताब्यात घेतल्या आणि जुने आकडे आपल्या विक्रमांत धरले नाहीत. क्लार्कने फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस वुडर्डलाही मागे टाकले तेव्हा कित्येक अमेरिकन प्रेक्षकांनी वुडर्डचे नाव प्रथमच ऐकले.

पैशांचा विचार करता एक विचित्र परिस्थिती या काळात निर्माण झाली. २०२४ मध्ये व्यावसायिक महिला साखळीत, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, पहिल्या पसंतीने निवडल्या गेलेल्या क्लार्कचे पहिल्या वर्षाचे वेतन ७६,५३५ डॉलर होते. जाहिरातींतून मिळणारी रक्कम त्याच्या कितीतरी पट होती. महिला खेळाडूच्या बाबतीत खेळाचा पगार दुय्यम आणि नावाचा मोबदला मुख्य, असे हे गणित आहे, आणि त्यामुळेच समाजमाध्यमावरील फॉलोअरांची संख्या तिच्यासाठी हौसेचा भाग उरत नाही. मात्र अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी मुलींना ही वाट जवळजवळ बंद आहे. बंगळूरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातून आणि हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठातून खेळली. अशा विद्यार्थिनी ज्या 'एफ-१' व्हिसावर राहतात, त्यावर महाविद्यालयाबाहेर काम करून कमाई करण्यावर कडक निर्बंध असल्यामुळे शेजारी बसणारी अमेरिकन सहकारी जो करार सहज करते तो त्यांनी केला तर व्हिसाच धोक्यात येतो. परदेशी शिष्यवृत्तीचे स्वप्न पाहणाऱ्या मराठी मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

महाराष्ट्रात महिला बास्केटबॉलची परंपरा नाही असे मुळीच नाही. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची आधारस्तंभ आणि कर्णधार राहिली आहे. २०१७ मध्ये बंगळूरूत झालेल्या आशिया चषकाच्या ब विभागाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे नमवले, त्या संघात ती होती. तरीही रेल्वेच्या संघातून वर्षानुवर्षे खेळणाऱ्या या खेळाडूचे नाव पुण्याबाहेर किती घरांत माहीत आहे, हा प्रश्न विचारला की उत्तर निराश करते. त्याच वेळी जयसिंगपूरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचे इन्स्टाग्रामवर एक कोटीहून अधिक फॉलोअर आहेत. दोघींच्या कष्टांत फरक नाही. फरक त्यांच्या खेळांच्या दृश्यतेत आहे. मानधना २०१३ मध्ये सोळाव्या वर्षी भारताकडून खेळली तेव्हा तिलाही कोणी ओळखत नव्हते. २०१७ च्या विश्वचषकाचे सामने घराघरांत दिसले, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू होऊन तिच्यावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला. फॉलोअर या क्रमाने आले. महिला बास्केटबॉलला भारतात अशी टिकाऊ व्यावसायिक साखळी लाभलेली नाही, आणि म्हणून महाविद्यालयीन स्पर्धांचे महत्त्व येथे अधिकच वाढते.

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने १९१७ मध्ये वसवलेले, काटकोनात आखलेल्या रस्त्यांचे गाव. संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला तोही याच वर्षी. आज हे गाव ऊसपट्ट्यातील बाजारपेठ आहे आणि शिक्षणाचे केंद्रही, आणि आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली येथे मोठ्या संख्येने शिकतात. येथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात, ज्याचे क्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहे. खेळाडूची वाट ठरलेली असते: आधी विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, तेथून विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तेथे आघाडीवर राहिल्यास अखिल भारतीय स्पर्धा. या वाटेवरून चालणाऱ्या बहुतेक मुलींचे उद्दिष्ट जाहिरात नसते. त्यांना प्रमाणपत्र हवे असते, कारण राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि पोलीस भरतीच्या तयारीत गुंतलेल्या मुलीसाठी ते फार मोलाचे आहे. ही निवड शहाणपणाची आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

उणीव आहे ती नोंदीची. बास्केटबॉलच्या अधिकृत गुणपत्रकावर प्रत्येक संघासाठी १ ते १६० हे आकडे आधीच छापलेले असतात. दोन गुण झाले की त्या आकड्यावर तिरपी रेघ, मोफत फेकीच्या एका गुणाला भरीव ठिपका आणि तीन गुण करणाऱ्या खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ, अशी खूण गुणलेखक करतो, आणि प्रत्येकीच्या नावापुढे फाउल मांडण्यासाठी पाच चौकटी असतात, पाचवी भरली की ती बाहेर. सामन्यातील प्रत्येक गुण आणि प्रत्येक फाउल या कागदावर उतरतो. तरीही रिंगवरून परत आलेला चेंडू (रिबाउंड) कोणी किती वेळा पकडला आणि गुण होण्यापूर्वीचा पास कोणी दिला, हे या पत्रकात नसते. त्यासाठी वेगळा माणूस बसवावा लागतो. सामना संपतो, सह्या होतात, पत्रक फाइलला लागते आणि विजेत्या संघाचे छायाचित्र तेवढे वर्तमानपत्रात येते. जी मुलगी बचावात उत्तम आहे, जिच्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचे गुण अडले, तिची कोठेही नोंद राहत नाही. परिणाम असा की खेळाडूच्या खात्यावर उरतात त्या सरावाच्या आणि संगीतावर बसवलेल्या चित्रफिती, कारण दाखवायला सामनाच नसतो. आयोवात आधी प्रेक्षक आला आणि कित्येक दशकांनी मोबाइल. येथे मोबाइल आधी आला आहे.

आणि तो आला आहे कायद्याच्या चौकटीसह, ज्याची खेळाडूंना क्वचितच कल्पना असते. टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी असल्यामुळे येथील खेळाडू मुख्यतः इन्स्टाग्राम आणि यूट्यूब वापरतात. यूट्यूबवर जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन, किंवा ९० दिवसांत छोट्या चित्रफितींची एक कोटी दर्शने, ही अट आहे. इन्स्टाग्रामवरील उत्पन्न प्रामुख्याने प्रायोजित मजकुरातून येते, म्हणजे बूट, पेय किंवा पूरक आहार बनवणारी कंपनी पैसे किंवा वस्तू देते आणि खेळाडू ती आपल्या खात्यावर दाखवते. अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचे ठळकपणे लिहिणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या असून दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिळालेली वस्तूही कराच्या दृष्टीने उत्पन्नच आहे: वर्षभरात वीस हजारांहून अधिक किमतीचे असे लाभ देणाऱ्याने दहा टक्के कर कापावा, ही तरतूद जुलै २०२२ पासून लागू झाली.

खेळाडूच्या नावावर आणि चेहऱ्यावर तिचा स्वतःचा हक्क आहे, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनीही हळूहळू मान्य केले आहे, जरी त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रोखली, तेव्हा आवाज आणि प्रतिमा ही व्यक्तीची मालमत्ता आहे हे पुन्हा अधोरेखित झाले. महाविद्यालयीन मुलीला यातून घ्यायचा बोध व्यवहारी आहे. करारात आपले छायाचित्र कंपनीला किती काळ, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या वस्तूसाठी वापरता येईल हे लिहिलेले असावे, आणि 'कायमस्वरूपी' असा शब्द दिसला तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.

कीर्तीची दुसरी बाजू क्लेशकारक आहे. एनसीएएने २०२४ च्या स्पर्धांवेळी समाजमाध्यमांची जी पाहणी करवून घेतली, तिच्यात महिला बास्केटबॉलपटूंना आलेल्या धमक्या पुरुष खेळाडूंच्या सुमारे तिप्पट निघाल्या. येथेही जर्सी आणि चड्डीतील छायाचित्रावर येणाऱ्या अश्लील प्रतिक्रिया हेच अनेक मुलींचे खाते बंद होण्याचे कारण असते, आणि दुर्दैवाने पुष्कळ घरांत त्यावरचा उपाय मुलीचा खेळ थांबवणे हा असतो. मोबाइलवरून पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. गुन्हा करणाऱ्याला अडवायचे सोडून मुलीला घरात बसवणे हा अन्याय आहे, हे पालकांना आणि शिक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी एवढे जरी केले तरी चित्र पालटू लागेल: मुलींच्या विभागीय आणि आंतरविभागीय सामन्यांच्या वेळी तिवईवर एक मोबाइल लावून सामना खेळाडूंच्या संमतीने पूर्णपणे प्रक्षेपित करावा, रिबाउंड आणि पास टिपण्यासाठी दोन विद्यार्थी बसवावेत, आणि त्याच संध्याकाळी गुणपत्रक नावांसह महाविद्यालयाच्या खात्यावर टाकावे. याला खर्च जवळजवळ नाही. आणि जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड परिसरातील वाचकांना विनंती अशी की पुढच्या मोसमात आपल्या महाविद्यालयातील मुलींचा सामना असेल तेव्हा तासाभरासाठी का होईना, मैदानावर जाऊन तो पाहावा.